वीस ग्रॅमचं वजन

बुधवार, २१ सप्टेंबर १९६०

जुन्या वहीत अजून बारा कोरी पानं आहेत, तरी आज घटस्थापनेच्या मुहूर्तावर ही नवी उघडली. माणिक म्हणाली, कागद फुकट येतो का? बायकोला काय सांगायचं की काही गोष्टी जुन्या वहीत शोभत नाहीत!

तर नोंद अशी की काल भोपाळहून पत्र आलं. १ ऑक्टोबरपासून उज्जैनीत शेर, छटाक, तोळा, मासा सगळं बंद. फक्त किलो आणि ग्रॅम. दोन वर्षं लोकांना सवलत दिली होती, ती संपली. आता जुनं वजन दुकानात सापडलं की जप्त, आणि नवं वजन खोटं निघालं की खटला. हे सगळं करणार कोण, तर मी, शरच्चंद्र विनायक पोतनीस, इन्स्पेक्टर, नापतोल.

पत्राच्या खाली कंट्रोलर साहेबांनी स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्यात. उज्जैनचं काम चोख झालं तर असिस्टंट कंट्रोलरच्या जागेसाठी माझं नाव पुढे जाईल. भोपाळला, गॅझेटेड. सोळा वर्षं झाली नोकरीला. ग्वाल्हेर सरकारात कारकून म्हणून लागलो, मग मध्यभारत झाला, मग मध्यप्रदेश. दोनदा कागदावरचं नाव बदललं, खुर्ची तीच, तिचा मोडका हातसुद्धा तोच. पुण्याचा मामेभाऊ लिहितो, आता आपला महाराष्ट्र झाला, इकडे ये. कशाला? सहा पिढ्या इथे काढल्या. आमचे पूर्वज शिंद्यांच्या खजिन्यात सोनं तोलून घ्यायचे, म्हणून तर पोतनीस. मीही तोलतोच आहे.

बाजारात मला 'तोला साब' म्हणतात, माझ्या पाठीमागे. म्हणोत. भितात ते चांगलंच आहे.

शनिवार, २४ सप्टेंबर

शिपाई भेरूलालला आज झापलं. त्यानं पेटीतलं पन्नास ग्रॅमचं वजन बोटांनी उचललं. बोटांनी! किती वेळा सांगितलंय की ही पेटी म्हणजे साधी लाकडी पेटी नव्हे. आत मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं, एक ग्रॅमपासून किलोपर्यंत, भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासून, सर्टिफिकेटासकट जुलैत आलेली. गावातल्या सगळ्या दुकानांची वजनं या वजनांशी ताडून बघायची. ही खरी म्हणून बाकीची खरी किंवा खोटी. चिमट्यानं उचलायची, मऊ कातड्यानं टिपायची, आणि वर्षाकाठी पुन्हा भोपाळला पाठवायची.

भेरूलाल म्हणाला, साब, हाथ तो धोए थे. मी म्हटलं, तू गंगेत बुडी मारून आलास तरी चिमटाच.

गुरुवार, २९ सप्टेंबर. खंडेनवमी

आज मन प्रसन्न आहे. आमच्या घराण्यात खंडेनवमीला तलवारी नव्हत्या, तराजू होते. आजोबांच्या वेळेपर्यंत तराजू आणि वजनं देवापुढे मांडून हळदकुंकू वाहायचे. वडील मास्तर झाले, त्यांनी खडू आणि पट्टी मांडली. मी ठरवलं, यंदा पुन्हा वजनं. पेटी कचेरीबाहेर फक्त कामासाठी न्यायची असा नियम आहे, म्हणून रजिस्टरात 'दौरा' लिहून सही केली आणि टांग्यातून घरी आणली. एका दिवसाचा तर प्रश्न.

माणिकला म्हटलं, देवापुढे मांडून ठेव, आणि मी कचेरीत गेलो. शनिवारच्या मोहिमेचे कागद बाकी होते. दुपारी परतलो तर डोळे दिपले. झेंडूच्या माळा, आणि मध्ये वजनं, उंचीप्रमाणे ओळीनं, अशी झळकत होती की भोपाळहून आली तेव्हासुद्धा नव्हती.

"हात लावलास काय गं?" मी विचारलं.

"देवापुढे काळपट ठेवायची होती का? पुसली नुसती," ती म्हणाली.

जरा रागवावंसं वाटलं, पण सणाचा दिवस. आणि खरं सांगायचं तर छाती भरून आली. या बाईला माझ्या कामाबद्दल कधी दोन शब्द बोलताना ऐकलं नाही, पण वजनं पुसली. आरती झाल्यावर तिचा हात हातात घेतला. हाताला चिंचेचा वास येत होता. बहुधा आमटीचा असेल. हळदकुंकू मी स्वतः ओल्या मऊ फडक्यानं टिपून काढलं आणि वजनं पुन्हा पेटीत ठेवली, चिमट्यानं.

रविवार, २ ऑक्टोबर

काल पहिला दिवस. सकाळी आठला देवास गेटपासून सुरुवात केली. हद्द झाली लोकांची! एक भाजीवाली दगडानं तोलते. म्हणे, साब, यह किलो का ही पत्थर है, सासू ने दिया था. तपासला तर नऊशे ग्रॅम. मी म्हटलं, सासूनं तुला फसवलं, तू गावाला फसवू नकोस. लोक हसले, तीही हसली, दगड मात्र मी जप्त केला. भैरवगडला कापडाच्या छपाईवाल्यांकडे गेलो, रंग तोलायला त्यांच्याकडे अजून पावशेरच. दोनदा ताकीद दिली. दिवसाअखेर सत्तावन्न वजनं जप्त.

भेरूलालच्या पाठीवर पोतं आणि पुढे मी. लोक वाट सोडून उभे राहत होते.

एक गोष्ट. छोट्या वजनांवरची अक्षरं मला नीट दिसत नाहीत. '२० ग्रॅम' मधलं शून्य तर धूसरच. चष्म्याचा नंबर वाढला वाटतं. डॉक्टरकडे जायला हवं.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

आज सराफा. हे जरा सविस्तर लिहितो, कारण हीच नोंद पुढे भोपाळला कामाला येईल.

सराफाचं वजन म्हणजे भाजीवालीचा दगड नव्हे. इथे मिलिग्रामचा हिशेब. सराफ जुने दागिने मोड म्हणून विकत घेतो. त्याचं वजन जड असेल तर विकणाऱ्या गरिबाचं सोनं कमी भरतं. ही चोरी दिसत नाही, म्हणूनच वाईट.

अकरा दुकानं बघितली. अकराच्या अकरा ठिकाणी वीस ग्रॅमचं वजन जड! कुठे चाळीस मिलिग्राम, कुठे पंचेचाळीस. गुंजेचा तिसरा हिस्सा म्हणा. पन्नासचंही जड. आणि सगळ्यांचं जवळजवळ सारखंच. याचा अर्थ उघड आहे, संगनमत. एकाच कारागिराकडून सगळ्यांनी मिळून करवून घेतलेलं. मी तिथल्या तिथे हुकूम दिला: तळाला कानस मारा, माझ्या वजनाशी बरोबर करा, मग शिक्का मारतो. दहा जणांनी निमूटपणे कानस मारली. एक तर मारता मारता म्हणाला, आप कहो तो आधा कर दें साब. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

अकरावा धन्नालालजी. सत्तरीचा म्हातारा, सराफ्याच्या पंचांतला मुख्य. कुठल्याही दोन सराफांत वजनावरून वाद झाला की याच्या दुकानात येऊन तोलतात. यानं कानस हातात घेतलीच नाही.

"साब, बाट सच्चा है. घिसूँगा तो झूठा हो जाएगा," म्हणाला.

मी माझं वीस ग्रॅम एका पारड्यात, त्याचं दुसऱ्या पारड्यात ठेवून दाखवलं. त्याचं पारडं खाली गेलं. त्यानं दोन्ही वजनं निरखली. मग म्हणाला, हमारे यहाँ बाट को पानी भी नहीं लगाते साब, रेशम से पोंछते हैं. आप अपना बाट एक बार भोपाल भेज कर देख लो.

सरकारी वजन खोटं! भर सराफ्यात! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चौकात पन्नास माणसं जमली होती, त्यांच्यासमोर मी त्याला बेईमान म्हटलं. म्हटलं, पंच म्हणून मिरवता आणि गरिबाची गुंज खाता. त्याची वजनं जप्त केली, पंचनामा केला, खटला दाखल करणार. तो गादीवरून उठला, तराजूवर फडकं घातलं, आणि सांगितलं की वजनं खरी ठरेपर्यंत दुकान उघडणार नाही. दुसरी वजनं विकत घेऊन बसायला कायद्याची ना नव्हती, मी तसं सांगितलंही. म्हणाला, गादी पर या तो सच्चे बाट के साथ बैठूँगा या नहीं बैठूँगा.

नाटक सगळं. पण काम चोख झालं.

सोमवार, १० ऑक्टोबर

अहवाल गेला. साहेबांचा फोन आला, स्वतः बोलले. म्हणाले, शाब्बास पोतनीस, सराफ्याला हात घालायची हिंमत इंदूरच्या इन्स्पेक्टरलाही झाली नाही. मुलाखत २५ नोव्हेंबरला. खटल्याची तारीख २१ लागलीय, म्हणजे निकाल खिशात घालूनच भोपाळला जायचं.

घरी सांगितलं तर माणिकनं पोळी लाटता लाटता एवढंच म्हटलं, "धन्नालालजी तसा माणूस नाही."

तुला काय माहीत, म्हणून विचारलं, तर तिनं पुढचा उंडा घेतला. बायकांचं हे असंच. मी म्हटलं, वजनाला काय कळतं माणूस कसा आहे ते? तिनं पोळी उलटली आणि करपवली.

सोमवार, २४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. सराफ्यातून जाणं झालं. सगळीकडे दिवे आणि धन्नालालजींच्या दुकानाची फळी लावलेली, समोर एक पणतीही नाही. ऐकलं की लक्ष्मीपूजनाला म्हाताऱ्यानं रिकामा तराजू पुजला. पंचांच्या जागेवरूनही त्याला बाजूला केलंय. काल दोन सराफांत वाद झाला तो तोलायला कुणाकडे जायचं हे कुणाला कळेना.

मला वाईट वाटायचं कारण नाही. कायदा आहे. तरी फराळ गोड लागला नाही. जयूनं, म्हणजे आमच्या लेकीनं, विचारलं, बाबा तुम्ही चिडलात का? मी म्हटलं, नाही गं, करंजी जरा तेलकट आहे. त्यावर तिची आई चिडली.

शनिवार, ५ नोव्हेंबर

आजचं सगळं क्रमानं लिहितो.

भय्यासाहेब राजवाडे, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, शाळेपासूनचा मित्र. त्यानं मुलांना मेट्रिक पद्धतीवर चार शब्द सांगायला बोलावलं होतं. मी पेटी घेऊन गेलो, दौरा लिहून, या वेळी खरा दौरा. भाषण चांगलं झालं. मग भय्यासाहेब मुलांना म्हणाला, सरकारचा ग्रॅम आणि आपला ग्रॅम जुळतो का बघू. त्यांच्याकडे काचेच्या कपाटातला रासायनिक तराजू आहे, श्वास घेतला तरी काटा हलतो. माझं वीस ग्रॅम ठेवलं. बेचाळीस मिलिग्राम कमी भरलं.

मी म्हटलं, तुझा तराजू बिघडलाय. भय्यासाहेब हसला. मग आतल्या खोलीतून सीलबंद डबी आणली, जर्मन वजनांची, लढाईच्या आधीची, आजवर फक्त चार वेळा उघडलेली. पुन्हा तोललं. बेचाळीस कमी. पन्नासचं सत्तर कमी. मुलं खिडकीकडे बघायला लागली. भय्यासाहेबानं त्यांना बाहेर पाठवलं आणि भिंगानं माझं वजन बघितलं.

"शरद, हे कुणीतरी घासलंय," तो म्हणाला. "अक्षरं बघ. शून्य अर्धं गेलंय. हे बारीक ओरखडे राखेचे नाहीतर विटकरीचे."

मला चिंचेचा वास आला. कॉलेजच्या त्या खोलीत, गॅसच्या आणि तेजाबाच्या वासात, मला खंडेनवमीच्या चिंचेचा वास आला.

घरी आलो. माणिक अंगणात तुळशीच्या लग्नातला तांब्या घासत बसली होती. चिंचेचा कोळ, विटकरीची भुकटी, नारळाची शेंडी. मी पेटी खाली ठेवली.

"खंडेनवमीला ही वजनं पुसली होतीस, की घासली होतीस?"

तिनं तांब्यावरून मान वर केली. "नुसतं पुसून अशी चमकतात का?"

मी पायरीवर बसलो. तिला सगळं सांगितलं. माझं वजन हलकं झालं, म्हणून अकराच्या अकरा खरी वजनं मला जड दिसली. दहा जणांनी भिऊन खऱ्याचं खोटं केलं आणि त्यावर मी सरकारचा शिक्का मारला. एकटा म्हातारा खरं बोलला, आणि त्याला मी भर चौकात बेईमान म्हटलं. संगनमत सराफांचं नव्हतं. सगळ्यांचं सारखंच जड निघालं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

माणिकनं हातातला तांब्या बाजूला ठेवला. रडली नाही. म्हणाली, "मग आता काय करणार?"

मंगळवार, ८ नोव्हेंबर

काही करत नाहीये. कचेरीत जातो, कागद बघतो, येतो.

मनात काय काय आलं ते इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार? पेटी जुलैत भोपाळला जाणारच आहे. तेव्हा कमी भरली तर वापरानं झिजली म्हणता येईल. धन्नालालजींची वजनं ताकीद देऊन परत करायची, खटला काढून घ्यायचा, 'किरकोळ फरक' असा शेरा मारायचा. साहेब दोन शब्द बोलतील, विसरतील. मी २५ ला भोपाळला जाईन. कुणाला कळणार आहे? भय्यासाहेब बोलणार नाही.

पण ती दहा वजनं. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली. आज सराफ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाप लेकीसाठी सोनं घेतोय आणि ते तोललं जातंय माझ्या शिक्क्याच्या हलक्या वजनानं. दर वीस ग्रॅमला बेचाळीस मिलिग्राम कमी. कानशीनं मी चोरी बंद नाही केली, सुरू केली.

बुधवार, ९ नोव्हेंबर

आज माणिकनं मला एक गोष्ट सांगितली. नऊ वर्षं लपवलेली.

जयूला टायफॉइड झाला होता तेव्हा माझा पगार तीन महिने अडकला होता, ग्वाल्हेरचे कागद मध्यभारतात मिळत नव्हते म्हणून. मला वाटायचं औषधाचे पैसे तिच्या भावानं पाठवले. ते पैसे तिच्या पाटल्यांचे होते. ती एकटीच धन्नालालजींकडे गेली होती. त्यांनी पाटल्या तोलल्या, तिला तराजूच्या समोर बसवून काटा दाखवला, मग एकच पाटली ठेवून घेतली आणि दुसरी परत दिली. म्हणाले, बेटी, एक में काम हो जाएगा, दूसरी घर में रहने दे. ती दुसरी तिनं जयूसाठी ठेवलीय.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही तेव्हासुद्धा सरकारवरच विश्वास ठेवून बसला होतात, पगार येईल म्हणून.

मग म्हणाली, "कागदावर माझं नाव लिहा. मी घासली, मी सांगेन साहेबाला."

मी म्हटलं, पेटी माझ्या सहीनं घरी आली. दौरा मी लिहिला. तू देवापुढे चमकत्या वस्तू ठेवल्यास, त्यात तुझा काय गुन्हा? ते जाऊ दे. दौत कुठे आहे?

गुरुवार, १० नोव्हेंबर

पत्र रजिस्टर्ड पोस्टानं गेलं. साडेतीन पानं. खोटा दौरा, खंडेनवमी, घासलेली वजनं, अकरा दुकानं, एक खोटा खटला. 'वजनं माझ्या घरी, माझ्या जबाबदारीवर घासली गेली' असं लिहिलं. शेवटी दोन मागण्या: खटला मागे घेण्याची परवानगी, आणि तपासलेली नवी पेटी ताबडतोब. शिक्षेबद्दल काही लिहिलं नाही, ते त्यांचं काम.

पोस्टातून थेट सराफ्यात गेलो. दहा दुकानांत सांगितलं की वीस आणि पन्नासची वजनं आजपासून वापरू नका, शिक्का मी रद्द करतोय. छिन्नी बरोबर नेली होती. स्वतःच्या शिक्क्यावर स्वतः फुली मारली, वीस वेळा. कारण विचारलं त्यांना कारण सांगितलं. लपवून काय करू? एक जण म्हणाला, अब हम तौलें किससे, इमली से? दुपारपर्यंत सगळ्या बाजारात पसरलं.

तोला साब गेला. आता मी 'इमली साब'.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

उत्तर आलं. साहेबांनी या वेळी स्वतःच्या हातानं काही लिहिलं नाही. खटला मागे घ्यायची परवानगी. नवी पेटी घेऊन माणूस येतोय. माझी वेतनवाढ दोन वर्षं बंद, सर्व्हिस बुकात शेरा, मुलाखत रद्द. जागा इंदूरवाल्याला.

वाचून झालं तेव्हा वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? सोळा वर्षांत एकदा ती खुर्ची दिसली होती. पण कागद घडी घालून ठेवला आणि भेरूलालला सांगितलं, सोमवारी सराफा.

सोमवार, २१ नोव्हेंबर

सकाळी कोर्टात गेलो, अर्ज दिला, खटला निकालात निघाला. पाच मिनिटं लागली. मग नवी पेटी आणि धन्नालालजींची जप्त वजनं घेऊन त्यांच्या घरी गेलो. म्हातारा ओटीवर बसला होता. दीड महिन्यात खांदे उतरलेत. मी सगळं सांगितलं, चिंचेसकट. माफी मागितली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साब, बेईमान आपने चौक में बोला था. ये बात भी चौक में बोलिए."

मी म्हटलं, चला.

तो रस्ता दोनशे पावलांचा असेल. म्हातारा पुढे, मी मागे, भेरूलाल पेटी घेऊन. लोक जमत गेले. त्या दिवशी पन्नास होते, आज दोनशे असतील. धन्नालालजींनी स्वतः फळी काढली, तराजूवरचं फडकं काढलं. मी चिमट्यानं नवं वीस ग्रॅम एका पारड्यात ठेवलं, त्यांचं दुसऱ्यात. काटा हलला, थरथरला आणि मधोमध थांबला. केसाइतकाही फरक नाही.

मी ओट्यावर उभा राहिलो. मोठ्यानं म्हटलं, "६ अक्टूबर को इसी जगह मैंने धन्नालालजी को बेईमान कहा था. झूठा बाट मेरा था. इनका सच्चा था, सच्चा है."

मागून कुणीतरी 'इमली साब' म्हणालं आणि चारपाच जण हसले. धन्नालालजींनी मान वळवून तिकडे बघितलं. हसणं बंद झालं.

मग ते म्हणाले, अब मुहर लगाइए. मी हातोडी घेतली. हात इतका कापत होता की पहिला घाव घालवेना. म्हाताऱ्यानं वजन दोन बोटांनी धरून ठेवलं, माझ्या हातोडीखाली, आणि हलवलं नाही. मी म्हटलं, बोटं काढा. म्हणाले, आप लगाइए. लगावला. शिक्का सरळ उमटला.

ते गादीवर बसले. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा मी निघालो.

खंडेनवमी, १९६१

वर्षभर ही वही नीट लिहिली गेली नाही. काम होतं. दहा सराफांची नवी वजनं, मग बाजारसमिती, मग पेट्रोल पंप, मग दूधवाले. दूधवाल्यांवर एक वेगळी वही होईल. देवास गेटच्या भाजीवालीनं खरं किलो घेतलंय, मला बघितलं की मूठभर चिंच पुढे करते आणि म्हणते, इमली साब, आपके लिए. मी घेत नाही. तिचं वजन मात्र दर महिन्याला तपासतो, बरोबर असतं. सराफ्यात वाद झाला की पुन्हा धन्नालालजींकडेच जातात. मागच्या महिन्यात त्यांनी रेशमाचा एक तुकडा पाठवला, आपण होऊन, निरोप काही नाही.

पेटी आज कचेरीतच आहे, कुलपात. सकाळी तिथेच कुलपावर झेंडूचं फूल ठेवलं, कोरडं, आणि नमस्कार केला. भेरूलालनंही केला, हात मागे बांधून.

घरी आलो तर देवापुढे एकच वजन. ते जुनं वीस ग्रॅम. भोपाळनं बाद करून, वर फुली मारून परत पाठवलेलं, माझ्याच सहीनं घेतलेलं. माझ्या टेबलावर वर्षभर कागद दाबत बसलेलं, केव्हा घरी आणलं मला आठवतही नाही. फुलांत असं लखलखत होतं की फुलीसुद्धा पुसट झाली होती.

मी माणिककडे बघितलं. ती उदबत्ती लावत होती.

"पुसलं हो नुसतं," ती म्हणाली.